नवीन राइड येणार म्हणतात, ते कशावरून म्हणतात?

दर जानेवारीला आमच्या सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेचे, ट्रक उतरायला लागले की आमच्या गल्लीतली पोरं संध्याकाळी तिकडं एक चक्कर मारून येतात आणि आल्या आल्या छातीठोकपणे सांगतात, यंदा ब्रेक डान्स दोन आहेत, टोराटोरा आहे, आणि पाळणा मागच्या वर्षीपेक्षा मोठा आहे. अजून एक नटसुद्धा आवळलेला नसतो. पण पोरांनी ट्रकमधले पाळण्याचे डबे मोजलेले असतात, आऱ्यांची लांबी पावलांनी मोजलेली असते, बुडाला टाकायचे लाकडी ओंडके किती आलेत ते बघितलेलं असतं. आणि बऱ्याचदा पोरांचं बरोबर निघतं.

हे सांगायचं कारण म्हणजे माझी भाची. माझा मावसभाऊ नोकरीसाठी फ्लोरिडात असतो, त्यानं बहिणीच्या घरच्यांना येत्या सुट्टीत बोलवलंय, आणि भाचीची सगळ्यात मोठी इच्छा म्हणजे ओरलँडोचं सीवर्ल्ड. आता विमानाची तिकिटं काढायची वेळ आली तर ही म्हणायली, "मामा, थांबूया की ओ अजून दोन वर्षं. तिथं नवीन रोलर कोस्टर यायलंय म्हणं, मी व्हिडिओ बघितला." चार माणसांची तिकिटं, व्हिसाची फी, त्यात बहिणीनं तीन वर्षं साठवलेले पैसे, म्हणजे हा प्रश्न काय हसण्यावारी न्यायचा नव्हता. मी बांधकाम परवानगीचे नकाशे काढतो, सात रस्त्याजवळ आमचं ऑफिस आहे, वीस वर्षं झाली हेच काम. म्हटलं दाखव तो व्हिडिओ. व्हिडिओतला माणूस ज्याच्यावरून एवढं छातीठोक बोलत होता तो होता एक सरकारी दप्तरात दाखल झालेला साइट प्लॅन, पावसाचं पाणी कुठून कुठं जाणार ते दाखवणारा. असले प्लॅन मी रोज काढतो! मग मला यात खरोखर रस वाटायला लागला आणि महिनाभर रात्री जेवणं झाल्यावर बसून मी हे सगळं वाचून काढलं. ज्यांना कुणाला घरच्या पोरांनी हाच प्रश्न विचारलाय त्यांच्यासाठी जमेल तेवढ्या सोप्या भाषेत सांगतो.

आधी हे पार्क काय आहे ते. सीवर्ल्ड पहिलं निघालं 1964 साली कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला, मग 1973 ला ओरलँडो, 1988 ला टेक्ससमधलं सॅन अँटोनियो, आणि 2023 च्या मे महिन्यात अबुधाबी. मूळ धंदा समुद्री प्राण्यांचा. डॉल्फिन, सी लायन, पेंग्विन, आणि सगळ्यात मोठं आकर्षण म्हणजे ऑर्का, ज्याला किलर व्हेल म्हणतात, त्यांचे शो. झुलायच्या-पळायच्या राइड नंतर आल्या. ओरलँडोला पहिली मोठी राइड 1998 साली आली, जर्नी टू अटलांटिस, म्हणजे अर्धी पाण्यातली अर्धी रुळावरची, आणि 2000 साली क्रॅकन नावाचा मोठा कोस्टर. म्हणजे पहिली पंचवीस वर्षं लोक तिथं मुख्यतः प्राणी बघायलाच जायचे.

मग 2013 साली ऑर्कांना टाकीत ठेवण्याबद्दल एक माहितीपट आला, त्यावरून जगभर मोठी चर्चा झाली, पार्कात येणाऱ्यांची संख्या घसरली, आणि मार्च 2016 मध्ये कंपनीनं जाहीर केलं की आता आम्ही ऑर्कांची पैदास करणार नाही, आत्ता आहेत ती शेवटची पिढी. मला वाटतं हे व्हायलाच पाहिजे होतं. रोज मैलोन्मैल पोहणारा प्राणी, कितीही मोठी टाकी बांधली तरी ती त्याला टाकीच. अबुधाबीचं पार्क तर सुरुवातीपासूनच ऑर्काशिवाय उभं राहिलं. आपल्याकडं पण 2013 च्या मे महिन्यात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं राज्यांना कळवलं की डॉल्फिनारियमला, म्हणजे डॉल्फिन टाकीत ठेवून शो करायच्या जागेला, परवानगी द्यायची नाही, त्याबद्दल मला आपल्या देशाचा अभिमान वाटतो.

आता धंद्याच्या बाजूनं बघा. ज्या पार्कचा मुख्य शोच बदलला त्याला लोकांना परत बोलवायला दुसरं काहीतरी पाहिजे, आणि ते म्हणजे राइड. 2016 ला ओरलँडोत माको आला, 200 फूट उंच, ताशी 73 मैल म्हणजे जवळपास 117 किलोमीटर. 2018 ला इन्फिनिटी फॉल्स ही पाण्याची राइड, 2022 ला आइस ब्रेकर, 2023 ला पाईपलाईन, 2024 ला पेंग्विन ट्रेक, 2025 ला एक्स्पेडिशन ओडिसी, म्हणजे पडद्यासमोर खुर्चीत बसून आर्क्टिकवरून उडाल्यासारखं वाटणारं थिएटर. बघितलं का, चार वर्षं सलग काही ना काही नवीन. त्यामुळं एक राइड उघडायच्या आधीच पुढच्या राइडची चर्चा सुरू होते, आणि ती चर्चा हवेतून होत नाही, तिच्यामागं कागद असतात.

सगळ्यात भरवशाचा कागद पाण्याचा. फ्लोरिडा म्हणजे सपाट, ओला मुलूख, दोन-तीन फूट खणलं तरी कितीक ठिकाणी पाणी लागतं. तिथं जमिनीवर काँक्रीट टाकलं की तेवढ्या जागेत पावसाचं पाणी मुरायचं थांबतं आणि ते दुसऱ्याच्या अंगणात जातं. म्हणून साउथ फ्लोरिडा वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट नावाचं खातं आहे, बांधकाम करायच्या आधी त्यांच्याकडं नकाशा द्यावा लागतो की एवढी जागा पक्की होणार, एवढं पाणी इकडं साठवणार, तिकडून सोडणार. आणि हे अर्ज कुणालाही ऑनलाइन बघता येतात. पार्कवाल्यांनी अर्जात राइडचं नाव घातलेलं नसतं, "प्रोजेक्ट अमुक" असलं टोपणनाव असतं, पण जमीन लपवता येत नाही ना! कुठं खणणार, कुठली जुनी इमारत पाडणार, नवीन छप्पर केवढं, रांगेसाठी जागा केवढी, हे सगळं त्यात येतंच.

मी भाचीला माझ्या टेबलावरचा एक फूटिंग प्लॅन, म्हणजे खांबांखालच्या पायाचा नकाशा, दाखवला, एका दोन मजली घराचा. म्हटलं, वरचं घर मी तुला दाखवत नाही, फक्त खालचे खड्डे बघ आणि सांग. तिनं दोन मिनिटं बोटानं सगळे चौकोन फिरून बघितले आणि म्हणाली, हे सगळे सारखे आहेत, हा कोपऱ्यातला एकच दुप्पट मोठा कशाला? म्हटलं, त्याच्यावर गच्चीतली पाण्याची टाकी आहे. तिचे डोळे असे चमकले की काय सांगू. कोस्टरचं असंच असतं. जिथं उंच टेकडी तिथं वजन, वाऱ्याचा जोर आणि वरून सुसाट खाली येणाऱ्या गाडीचा दणका, तिन्ही एकत्र येतात, म्हणून तिथलं फूटिंग मोठं आणि खोल. जिथं रूळ जमिनीलगत सरळ पळतो तिथं छोटे-छोटे ठिपके. नुसते ठिपके जोडत गेलं तरी रुळाचा आकार कागदावर उमटतो. आणि एका सरळ रेषेत खालीच, अगदी जवळ-जवळ आणि दणकट फूटिंग दिसली, शेजारी वीज यंत्रणेची खोली दाखवली असली, तर जाणकार म्हणतात की इथं लाँच आहे, म्हणजे साखळीनं वर ओढत न्यायच्या ऐवजी चुंबकाच्या जोरावर गाडी एकदम पुढं फेकायची.

अजून एक गोष्ट कागदावरून कळते ती म्हणजे गाड्या किती. सोलापूर म्हणजे रेल्वेचं डिव्हिजन, त्यामुळं ब्लॉक सेक्शन हा शब्द आपल्याकडं घराघरात माहीत आहे, एका सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी, पुढची निघाल्याशिवाय मागचीला सिग्नल नाही. कोस्टरमध्ये हेच तत्त्व. रुळाचे तुकडे पाडलेले असतात, प्रत्येकाच्या शेवटी गाडी थांबवायची सोय असते. प्लॅनमध्ये अशा ब्रेकच्या जागा किती ते मोजलं की एका वेळी किती गाड्या पळू शकतील ते समजतं, त्यावरून तासाला किती माणसं बसतील ते, आणि त्यावरून पार्क ही राइड मुख्य आकर्षण म्हणून आणतंय की कोपऱ्यातली छोटी म्हणून, ते.

दुसरा कागद उंचीचा, आणि हा तर सोलापूरकरांना सांगायलाच नको. होटगी रोडच्या विमानतळासाठी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली, जवळपास 90 मीटरची, त्या दिवशी अख्खं शहर टीव्हीसमोर होतं, कुणी रडत होतं, कुणी म्हणत होतं आता विमान येईल. विमानाच्या वाटेत उंच काही असलं की काय होतं हे आपण डोळ्यांनी बघितलंय. अमेरिकेत नियम असा की जमिनीपासून 200 फुटांच्या वर काहीही उभं करायचं असलं तर विमान वाहतूक खात्याला, ज्याला ते एफएए म्हणतात, आधी कळवावं लागतं, आणि विमानतळ जवळ असला तर त्याहून कमी उंचीला पण. हे अर्जसुद्धा सगळ्यांना बघता येतात, त्यात नेमकं ठिकाण आणि उंची दोन्ही असतं. म्हणून एखाद्या पार्कच्या जागेवर तसला अर्ज दिसला की कोस्टरचे शौकीन जागे होतात.

सॅन डिएगोची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथल्या किनाऱ्याच्या भागात 1972 पासून इमारतींना 30 फुटांची मर्यादा आहे, लोकांनी मतदान करून घातलेली, समुद्र दिसायचा बंद होऊ नये म्हणून. सीवर्ल्ड तिथं शहराच्या मालकीच्या जागेवर भाडेपट्ट्यानं आहे, मिशन बे नावाच्या खाडीकाठी. 1998 साली परत मतदान झालं आणि फक्त त्या पार्कच्या जागेपुरती मर्यादा 160 फूट झाली. आता त्यानंतरच्या राइड बघा. 2018 ची इलेक्ट्रिक ईल 150 फुटांच्या आसपास, 2022 चा एम्परर 153 फूट. म्हणजे सॅन डिएगोत 250 फुटी कोस्टर येणार असं कुणी ठासून सांगायला लागलं तर एक वाक्यात विचारायचं, मतदान कधी झालं? शिवाय तिथं कॅलिफोर्निया कोस्टल कमिशनची परवानगी लागते, त्यांच्या बैठका जाहीर असतात, कागद आधी बाहेर येतात.

तिसरा कागद म्हणजे नावाचा. ट्रेडमार्क. आपल्याकडं चादरीचं दुकान किंवा कारखाना असणाऱ्यांना माहीत असेल, ब्रँडचं नाव नोंदवायचं तर माल कुठल्या वर्गात बसतो ते लिहावं लागतं, चादर-टॉवेल वर्ग 24 मध्ये. करमणुकीची सेवा, त्यात पार्कातली राइड आली, ती वर्ग 41 मध्ये. हे वर्ग बहुतेक सगळ्या देशांत सारखेच. पार्कवाल्यांनी वर्ग 41 मध्ये एखादं समुद्री नाव टाकलं की लगेच चर्चा. पण इथं जरा थांबायला पाहिजे. अमेरिकेत अजून वापरात नसलेलं नाव, "पुढं वापरायचा विचार आहे" असं सांगून पण अर्ज करता येतो, आणि अर्ज मान्य झाल्यावर मुदत वाढवत वाढवत तीन वर्षांपर्यंत नेता येते, मग नाही वापरलं तर सोडून देतात. तीन नावं टाकायची, त्यातलं एक घ्यायचं, असं पण चालतं. आणि नाव राइडचंच असेल कशावरून, एखाद्या शोचं असेल, हॉटेलचं असेल, उन्हाळ्यातल्या महोत्सवाचं असेल. म्हणून नुसत्या नावावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

लोखंड आलं की मात्र गोष्ट पक्की. मोठ्या कोस्टरचे रूळ बनवणारे जगात थोडेच आहेत. स्वित्झर्लंडची बोलिगर अँड माबिलार्ड, सगळे तिला बी अँड एम म्हणतात, 1988 ला निघाली. स्वित्झर्लंडचीच इंटामिन. जर्मनीची माक. प्रत्येकाच्या रुळाची ठेवण वेगळी. बी अँड एमच्या रुळाखालचा कणा चौकोनी पेटीसारखा, इंटामिनचे बरेच रूळ पाईपांच्या त्रिकोणी जाळीचे. एक तुकडा ट्रकवर दिसला तरी कुणाचा आहे ते ओळखता येतं, जसं लांबून चादरीचा काठ बघून आमच्या पूर्व भागातला जुना माणूस सांगतो ही कुठल्या मागावरची. बी अँड एमचे अमेरिकेतल्या पार्कांसाठीचे रूळ ओहायो राज्यातल्या एका कारखान्यात तयार होतात, तिथं रंग देऊन आवारात वाळत ठेवलेले तुकडे रस्त्यावरून दिसतात, आणि लोक फोटो काढून ठरवायला लागतात की हा निळा कुणाचा, हा हिरवा कुणाचा. होम मैदानावरची पोरं आणि ती माणसं, एकच जात बघा.

आणि हे ऐकून भाची उडालीच, पण खोपोलीजवळच्या इमॅजिकामधला नायट्रो पण बी अँड एमचाच. 2013 चा. फ्लोअरलेस, म्हणजे पायाखाली गाडीची फरशी नाही, पाय लोंबकळत. क्रॅकन पण फ्लोअरलेस, त्याच कंपनीचा. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीत ही नायट्रोत बसली होती, तेव्हापासूनच हे वेड लागलंय. सोलापूरच्या पोरीनं खोपोलीत जो रूळ बघितला तोच चौकोनी कणा तिला ओरलँडोत डोक्यावर दिसणार आहे, मला हे फार भारी वाटतं.

आता कच्चे पुरावे. मैदानात रंगीत रिबिनी बांधलेल्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या, म्हणजे राइड येणार? आमच्याकडं नुसती ड्रेनेज लाइन बदलायची असली तरी खुंट्या ठोकतात. एखादा जुना शो बंद पडला, जागेला पत्रे लावले, म्हणजे तिथं कोस्टर? पत्रे दोन-दोन वर्षं तसेच राहतात. पार्कवाले पासधारकांना सर्व्हे पाठवतात, त्यात चार-पाच कल्पना लिहून विचारतात की यातलं काय आवडेल, त्याचे स्क्रीनशॉट "हे येणार" म्हणून फिरतात. अरे, विचारलंय, ठरवलेलं नाही. मी पण घरमालकाला तीन एलिव्हेशन, म्हणजे घर बाहेरून कसं दिसेल त्याची चित्रं, दाखवतो, बांधतो एकच, आणि कधीकधी तर एकही नाही. आणि "माझ्या ओळखीचा तिथं कामाला आहे" हा पुरावा तर जगात सगळीकडं सारखाच, त्यावर वेळ घालवू नका.

पण ज्यांचा कागद पक्का होता तेही अडकतात, हे नीट समजून घ्या, कारण तिकिटं पुढं ढकलायची का नाही ते इथंच ठरतं. 2014 च्या ऑगस्टमध्ये सीवर्ल्डनं ब्लू वर्ल्ड नावाचा प्रकल्प जाहीर केला होता, सॅन डिएगोत ऑर्कांसाठी खूप मोठी नवीन टाकी, अंदाजे 10 कोटी डॉलर खर्च. चित्रं आली, बातम्या आल्या. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये कोस्टल कमिशननं परवानगी दिली पण अट घातली, ऑर्कांची पैदास करायची नाही. कंपनी कोर्टात गेली, आणि शेवटी 2016 मध्ये पैदासही बंद केली आणि तो प्रकल्पही सोडला. जाहीर झालेलं, परवानगी मिळालेलं काम, एक वीट न लागता संपलं. आइस ब्रेकरचं उलटं. तो 2020 ला उघडायचा होता, रूळ उभा होता, आणि कोविड आला. शेवटी फेब्रुवारी 2022 ला उघडला. दोन वर्षं लोकांनी उभा रूळ नुसता बघितला. एम्परर पण तसाच लांबला.

आणि लांब कशाला जायचं, आपल्या सिंधुदुर्गातलं सीवर्ल्ड घ्या. मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला सागरी पार्क करायचा असा राज्य सरकारचा आणि एमटीडीसीचा बेत, त्या अमेरिकन कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही, नुसतं नाव सारखं. दहा वर्षांहून जास्त काळ पेपरात "सीवर्ल्ड होणार", "सीवर्ल्ड गेलं", "सीवर्ल्ड परत आलं" हे चाललंय. गावकऱ्यांनी जमीन द्यायला विरोध केला, त्यांचं म्हणणं आमची शेती, आमच्या बागा, आमचा समुद्र. तिथं जमिनीचा प्रश्नच सुटला नाही तर राइड कुठली येणार याची चर्चा कशाला. म्हणून मी म्हणतो, कुठल्याही पार्कची बातमी ऐकली की पहिला प्रश्न हाच, जमीन कुणाची आणि ती ताब्यात आहे का. ओरलँडोत तो प्रश्न नाही, म्हणून तिथले अंदाज लवकर खरे होतात.

वेळेचं गणित पण सांगून ठेवतो. साधारण दोन-तीन वर्षं धरा. पहिलं काम रुळाचा आराखडा आणि कंपनीकडं नंबर लावणं, मग परवानग्या, मग पाया, तोवर तिकडं कारखान्यात लोखंड तयार होत असतं, मग उभारणी, आणि शेवटी टेस्टिंग. टेस्टिंगला माणसांच्या आकाराच्या पाण्यानं भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या सीटवर बसवतात, पट्टे लावतात आणि गाडी शेकडो फेऱ्या पळवतात. गड्ड्यातल्या पाळण्यात वाळूची पोती ठेवून फिरवतात ते मी लहानपणी तासन्‌तास बघितलंय, तसंच. म्हणजे आज जर फक्त ट्रेडमार्क दिसत असेल तर दोन वर्षांत राइड उघडेलच असं नाही. पाण्याचा अर्ज मंजूर झालेला दिसत असेल तर वर्ष-दीड वर्ष. रूळ दिसत असेल तर पुढचा सीझन, मध्ये कोविडसारखं काही आलं नाही तर.

सागरी पार्कात एक जास्तीची अडचण असते जी साध्या पार्कात नसते, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. शेजारी जिवंत प्राणी आहेत. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगानं जातो, डॉल्फिन तर आवाजाच्याच भरवशावर जगतात. पोकळ लोखंडी रुळावरून गाडी गेली की तो घंटेसारखा घुमतो. त्यावर उपाय म्हणून रुळाच्या पोकळीत वाळू किंवा बारीक खडी भरतात, घुमणं बरंच कमी होतं. तरी टाकीजवळ पाया खणायचा म्हटलं की महिनोन्‌महिने हादरे आलेच. त्यामुळं असल्या पार्कात राइड कुठं येऊ शकते याचा अंदाज बांधताना मी आधी नकाशात टाक्या कुठं आहेत ते बघतो. पार्कनं पण आधी तेच बघितलं पाहिजे.

शेवटी या सगळ्यावरून पुढची राइड कुठल्या प्रकारची असेल ते ओळखायचं कसं? जे नाही ते बघायचं. ओरलँडोत क्रॅकन, मांता, माको, पाईपलाईन या चारही कोस्टरना उंचीची अट 54 इंच, म्हणजे 137 सेंटिमीटर. पाईपलाईनमध्ये तर सर्फिंगच्या फळीवर उभं राहिल्यासारखं, सीट वरखाली होते. आइस ब्रेकरला 48 इंच. म्हणजे सहा-सात वर्षांचं पोरगं घेऊन आलेल्या घरातला एक मोठा माणूस कायम बाहेर बाकावर. मग 2024 ला पेंग्विन ट्रेक आला, अट फक्त 42 इंच, वेग ताशी 43 मैल, स्नोमोबाईलसारख्या सीट, आणि राइड संपली की थेट पेंग्विनच्या दालनात. त्याच्या पुढच्या वर्षीचं एक्स्पेडिशन ओडिसी पण सगळ्या घरानं मिळून बसायचं. घरातलं कुठलं माणूस बाकावर बसून राहतंय ते बघितलं की पार्क पुढं कुणासाठी खर्च करणार ते बऱ्यापैकी कळतं.

हे बोलत असताना भाचीचा धाकटा भाऊ शेजारीच बसला होता, पहिलीतला. तो म्हणाला, "मामा, मी किती इंच ओ?" आमच्या दाराच्या चौकटीवर दर दिवाळीला पोरांच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा मारलेल्या आहेत, त्याला तिथं टाचा टेकवून उभं केलं, डोक्यावर पट्टी आडवी धरली, टेप लावला. 44. भाचीनं माझ्या हातातून टेप घेऊन परत मोजलं, भिंतीला खांदे नीट लागलेत का बघितलं, तरी 44.

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे पेंग्विन ट्रेकमध्ये हा आत्ताच बसतोय." आणि मोबाईल काढून आईला फोन लावला, सुट्टीतल्या तारखांची तिकिटं बघायला सांगायला.